समुद्राखालची शिवण

पणजी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझं मशीन भूकंप आधी सांगेल का गं?" मी दोनापावलाहून येणाऱ्या बसमध्ये होते, आवाज तुटत होता. म्हणून लिहून कळवते.

समुद्रात जहाज दाबलेल्या हवेचा बार काढतं. तो आवाज तळाखालच्या खडकाच्या थरांवर आपटून परत येतो आणि जहाजामागे ओढलेल्या लांब केबलमधले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, तो टिपतात. त्यातून जमिनीच्या पोटाचं चित्र बनतं, नुसत्या रेघारेघांचं. आई, तुझी गोधडी आठव. पट्ट्यांचं लुगडं फाडून पुन्हा जोडलं की शिवणीपाशी पट्टे वर-खाली होतात ना? खडकाचे थर तसे तुटून सरकलेले दिसले, की तो फॉल्ट.

तो शोधायला प्रत्येक बिंदूपाशी शेजारच्या रेघा जुळतात का हे ताडून पाहायचं, तेही शेकडो कोनांतून, कारण फॉल्ट कुठेही कललेला असतो. हजार लांब, हजार रुंद, हजार खोल असा ठोकळा घेतला तरी बिंदू होतात १०० कोटी! साधा प्रोसेसर म्हणजे एकटाच हुशार गडी. विनूच्या गेमच्या कॉम्प्युटरात असतं तसलं ग्राफिक्स कार्ड म्हणजे लावणीची इर्जिक. हजारो हात, ज्याची त्याची ओळ, कुणी कुणासाठी खोळंबत नाही. पण कार्डाच्या मेमरीत अख्खा ठोकळा मावत नाही. तुकडे करून द्यावे लागतात आणि त्यांच्या कडा एकमेकींवर चढवाव्या लागतात, नाहीतर जोडावरच खोटी भेग उमटते. या कडांनीच माझे तीन आठवडे खाल्ले. शिवाय गाडल्या गेलेल्या जुन्या नदीचा काठही मशीनला फॉल्ट वाटतो. म्हणून शेवटी एकेक रेघ डोळ्यांनी तपासायची. ते काम मला फार आवडतं.

तर बाबा, नाही. जमीन कधी हलेल ते यातून कळत नाही, कुठे तुटलीय तेवढं कळतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेच्या भूकंपात, आजीनं तुम्हाला उचलून अंगणात आणलं, ते सांगताना अजून तुमचा आवाज बसतो. रेघा तपासताना मला तो आवाज ऐकू येतो, आणि मी एकही रेघ घाईत सोडत नाही.

शेजारच्या काकू चवथीच्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, तयारीला लागल्यात. मीही दोन दिवस आधीच घरी निघेन. एक चित्र मोठं छापून आणते. आई, चष्मा पुसून ठेव, त्यातली शिवण तू शोधायचीस.

तुमची,
सुमी