तो फोटो पुन्हा एकदा पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तिबोटी खंड्याचा मोठा रंगीत फोटो आला. चोचीत सापसुरळी, समोर घरट्याचे बीळ. फोटो सुरेख आहे, वादच नाही. पण बिळाच्या तोंडाशी बारीक पांढरे ठिपके दिसतात, ते पुन्हा पाहा. ती ताजी छाटलेली मुळे आहेत. दरडीवर लोंबणारी मुळे आणि नेचे कोयत्याने साफ केल्याशिवाय एवढा मोकळा फोटो मिळत नाही.

हे मी ठामपणे लिहितो, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, हेच घडले. व्हाळाच्या (ओढ्याच्या) दरडीत या खंड्याने बीळ केले होते. मी ते एका ओळखीच्या माणसाला दाखवले, हे माझे चुकलेच. त्याने ठिकाण मोबाइलवरून चार जणांना कळवले आणि दोन दिवसांत सहा-सात जण मोठाल्या लेन्स घेऊन हजर. मी पोफळींतून खाली उतरेपर्यंत दरड बोडकी झाली होती. नर-मादी आळीपाळीने घास घेऊन येत, फांदीवर बसून मान खालीवर करत आणि बिळात न शिरताच परत जात. जमलेल्यांना वाटत होते, पक्षी छान बसतोय. चोचीत घास असूनही तो आत जात नाही, म्हणजे तो तुम्हाला भ्यालेला आहे आणि आत पिल्ले भुकेली आहेत, एवढे त्यांच्यापैकी एकालाही कळू नये? तिसऱ्या दिवशी बीळ उकरलेले सापडले. घोरपडीने की मुंगसाने, देव जाणे. पडदा मात्र माणसांनी काढला होता.

हा पक्षी जेमतेम १३ सेंटिमीटरचा. पाऊस लागला की ओल्या मातीत बीळ खोदतो, कधी कधी मीटरभर लांब. अंडी उबवायला साधारण १७ दिवस, पिल्ले उडायला आणखी वीसेक. तेवढ्या दिवसांत त्या नेच्यांखेरीज त्याला दुसरे संरक्षण नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरट्याला उपद्रव देणे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे आणि तो कायदा अभयारण्याबाहेर, कुळागरातही लागू आहे.

फोटो काढूच नयेत असे माझे म्हणणे नाही. मीही काढतो. उजाडण्याआधी गोणपाट पांघरून पोफळीच्या बुंध्याशी बसतो, घरट्यापासून लांब, जिथे खंड्या भक्ष्य टिपायला येतो त्या फांदीसमोर. गेल्या श्रावणात चौथ्या सकाळी तो आला. सापसुरळी फांदीवर आपटू लागला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, तिची शेपटी तुटून खाली पडेपर्यंत. मग क्षणभर थांबून त्याने ती चोचीत नीट फिरवून धरली आणि उडाला. बिळासमोर तंबू ठोकून बसणाऱ्याला हे कधी दिसत नाही. चोडण बेटावरच्या तिवरांतही (खारफुटीतही) होडी गप्प ठेवली तर पक्षी आपणहून जवळ येतात. मोलेच्या रानात बेडूकतोंड्या पक्ष्याची जोडी दिवसभर वाळक्या पानांत पानासारखी बसून असते. तिच्यापुढची फांदी बाजूला ओढली, तर तिने लपायचे कुठे?

आपल्याकडे एकच मागणे आहे. जून ते सप्टेंबर घरट्याचे फोटो छापू नका आणि एरवीही फोटोखाली नेमके ठिकाण देऊ नका. काही वन्यजीव छायाचित्र स्पर्धांनी घरट्यांचे फोटो घेणे केव्हाच बंद केले आहे. वर्तमानपत्रात छापून येते म्हणूनच पुष्कळ जण कोयता घेऊन निघतात.

हवा असेल तर श्रावणातला माझा फोटो पाठवतो. नेच्याआडून काढलेला आहे, पक्षी अर्धाच दिसतो.

आपला,
एक वाचक, सत्तरी, गोवा