बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय आई-बाबा,

जय ख्रिस्त.

बाबा, रविवारी फोन ठेवता ठेवता तुम्ही विचारलंत, "इतिहास शिकता शिकता चर्चवरचा विश्वास तर उडत नाही ना, पोरी?" फोनवर हे नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

रोजचं आधी सांगते, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल. रविवारची मिस्सा इथे गोव्यात ताळगावच्या सेंट मायकल चर्चमध्ये होते, कोकणीतून. आता प्रवचनही कळतं. ऑक्टोबर लागल्यापासून आम्ही चार-पाच मुली जेवणानंतर हॉस्टेलवर रोझरी म्हणतो. त्या मारियेची प्रार्थना कोकणीतून, 'नमान मरिये' अशी म्हणतात. माझी पाळी आली की मी 'नमो मारिया' सुरू करते आणि उरलेली अर्धी प्रार्थना कोकणीतून येते. कुणाचं काही अडत नाही.

आता तुमचा प्रश्न. या सत्रात गोव्याचं इन्क्विझिशन आहे, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपावरून लोकांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय. १५६० ते १८१२, मध्ये चारेक वर्षं बंद होतं तेवढंच. माझी रूममेट हिंदू आहे, तिचं कुलदैवत मंगेश. मंगेशीचं देऊळ मूळचं कुठ्ठाळीचं. १५६० च्या सुमारास देव रातोरात जुवारी ओलांडून प्रियोळला न्यावा लागला, तेव्हा तो मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्याबाहेर होता. ही गोष्ट मी वर्गात ऐकली, आणि मग गणेश चतुर्थीला तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या आजीच्या तोंडून. आजीच्या आवाजात राग नव्हता. पुढ्यात पातोळ्या वाढत ती सांगत होती आणि मला मान वर करवत नव्हती.

त्याहून जड गेलं ते संत फ्रान्सिस झेवियरांचं पत्र. गोव्यात इन्क्विझिशन आणा, असं त्यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं. ते सुरू झालं तेव्हा त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती, पण मागणी त्यांची होती, हे खरं. आपल्या देव्हाऱ्यात ज्यांची तसबीर आहे तेच हे. त्या रात्री मला प्रार्थना सुचली नाही.

पण बाबा, तेच फ्रान्सिस पॅरिसच्या विद्यापीठात शिकत होते तेव्हा आमच्यासारखेच एका खोलीत दोघा-तिघांत राहायचे. त्यांना नाव कमवायचं होतं. खोलीत पीटर फेबर होते, पुढे इग्नेशियस लोयोला आले, आणि या सोबतीने त्यांचं आयुष्य पालटलं. १५ ऑगस्ट १५३४ ला माँमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी मिळून व्रत घेतलं. घरदार सोडून इतक्या दूर आलेला, आजाऱ्यांची सेवा करणारा माणूस खोटा नव्हता. आणि ते पत्रही खोटं नाही. मी दोन्ही वाचते. एक झाकून दुसरं दाखवायचं, हे मला जमणार नाही आणि ते करावं असं मला वाटतही नाही.

याला बळ कुठून आलं सांगू? तुमच्याचकडून. पहिल्या कम्युनियनच्या आधी आईने मला शिकवलं होतं, कन्फेशनला, म्हणजे पापं कबूल करायला, जाताना दिवसभराचं सगळं आठवायचं, आवडीचं तेवढंच नाही. मला जे लागू, ते चर्चला का नाही? १२ मार्च २००० ला, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसऱ्यांनी संत पेत्राच्या महामंदिरात चर्चच्या लेकरांच्या पापांची जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली केलेल्या जुलमाची कबुली त्यात होती, आणि ती वाचली कार्डिनल रॅट्झिंगर यांनी, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले. हे वाचलं तेव्हा कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. पुरावे तपासून खरं ते लिहिणं हीसुद्धा माझी उपासना आहे, बाबा. ग्रंथालयात बसते तेव्हा मी येशूपासून लांब गेलेली नसते.

आणि काळोखाशेजारी दुसरंही याच मातीत सापडतं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे इग्नेशियस-फ्रान्सिस यांच्याच संघातला धर्मगुरू, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या! आमच्या रोझरीनंतर मी त्यातलं थोडं मोठ्याने वाचते. रूममेट पलंगावर बसून ऐकते, कठीण शब्दावर अडले की तिच्या कीर्तनं ऐकलेल्या कानाला तो आधी लागतो.

२४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरांची नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होईल, ३ डिसेंबरला त्यांचा सण. सावंतवाडी, बेळगावकडून माणसं चालत येतात. मीही जाणार आहे, ते पत्र वाचूनसुद्धा, आणि पूर्ण मनाने. आईचा गुडघा बरा असेल तर तुम्ही दोघं याच. वसई रोडहून करमळीपर्यंतचं तिकीट काढा, जुनं गोवं तिथून जवळ आहे, मी स्टेशनवर येईन. दुसऱ्या दिवशी रूममेटच्या घरी जेवायचं आमंत्रण आहे. तिच्या आजीला तुम्हाला भेटायचंय. आई, येताना सुकेळी आण, तिच्यासाठी आणि थोडी माझ्यासाठीही.

तुमची लेक