सही कोणाची घेतली?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका पालकांचे पत्र वाचले. त्यांच्या आठवीतल्या मुलाच्या दप्तरात 'फ्रँकन फ्रान' नावाच्या जपानी चित्रकथेचे पुस्तक सापडले. आत कापलेली डोकी, टाके घातलेली तोंडे, माणसाचे मुंडके असलेले मांजर, आणि हे सगळे हसवण्यासाठी काढलेले. असल्या विकृत पुस्तकांवर बंदी घाला, असे त्यांनी लिहिले आहे. आठवीतल्या मुलाच्या हाती हे पुस्तक नको, याबाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. त्यात रक्त आहे, उघडी शरीरे आहेत, क्रौर्य आहे. ते मोठ्यांसाठीच आहे. पण बंदीचे मला पटले नाही. मी 31 वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काम केले आहे आणि हे पुस्तक मी पूर्ण वाचले आहे, म्हणून हे पत्र.

माझी भाची पुण्यात बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात ती सुट्टीला आली तेव्हा ही पुस्तके तिच्या बॅगेत होती. जपानीत आठ भाग आहेत, इंग्रजीत दोन-दोन भाग एकत्र बांधून चार जाड पुस्तके केली आहेत. मी पहिले पुस्तक उघडले ते शेवटाकडून. "आत्या, उलटं धर, हे उजवीकडून डावीकडे वाचायचं," असे तिने दाखवले. मग आठ दिवस दुपारची झोप सोडून, चष्मा लावून, अडेल तिथे तिला विचारत मी चारही पुस्तके संपवली.

चित्रकार-लेखक कात्सुहिसा किगित्सु. जपानमधल्या 'चँपियन रेड' या मासिकात 2006 ते 2012 ही मालिका येत होती. फ्रान ही एका थोर शल्यविशारदाने घडवलेली मुलगी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना बोल्ट, तोंडावर टाके, अंगात पांढरा कोट, डोळे सदा पेंगुळलेले. तिचे वडील कुठेतरी गेले आहेत आणि त्यांच्या वाड्यात बसून ती येईल त्या माणसाचे ऑपरेशन करते. मोठी शस्त्रक्रिया असली की ती स्वतःला जादा हात जोडून घेते. ते चित्र पाहून मी मोठ्याने हसले. पोट उघडलेले आहे, रक्तस्राव थांबत नाही, सर रिट्रॅक्टर मागत आहेत, सक्शन मागत आहेत, मॉप मागत आहेत, अशा वेळी "देवा, अजून दोन हात दे" असे प्रत्येक ओटी सिस्टरने मनात म्हटलेले असते. ज्याने हे काढले त्याला थिएटरमधली घाई कळली आहे.

फ्रान दुष्ट नाही. हेच या पुस्तकाचे मर्म आहे आणि पत्रलेखक पालकांनी तेवढे ध्यानात घ्यावे अशी माझी विनंती आहे. तिला कोणाला मारायचे नाही. माणूस मरू द्यायचा नाही, काहीही झाले तरी जिवंत ठेवायचा, एवढेच तिचे व्रत. एका गोष्टीत अपघातात सापडलेल्या मुलीला वाचवण्यासाठी ती तिला भल्यामोठ्या अळीच्या रूपात ठेवते, कारण सुरवंटाचे शरीर नव्याने घडू शकते. फ्रानच्या दृष्टीने ऑपरेशन यशस्वी. नाडी चालू आहे, श्वास चालू आहे, आणखी काय हवे? ज्याचे शरीर आहे त्याला असे जगायचे आहे का, हा प्रश्न तिच्या डोक्यात येतच नाही. तिचा चेहरा तेव्हा इतका निरागस, इतका समाधानी काढलेला आहे की आधी हसू येते आणि पान उलटताना पोटात गोळा येतो.

तो गोळा मला ओळखीचा होता. 1990 च्या आसपासची गोष्ट. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. जत भागातले एक म्हातारे मेंढपाळ डाव्या पायाला गँगरीन होऊन आले. साखर भयंकर वाढलेली. म्हाताऱ्यांना सांगितले होते, "दोन बोटं काढायची आहेत." टेबलावर घेतल्यावर सरांनी पाहिले तर सडणे वर चढले होते. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. निर्णय वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होता, नाहीतर ते आठवड्याभरात गेले असते. संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता, त्यावर मुलाची सही होती, आणि मुलालाही बोटांचेच सांगितले होते. म्हाताऱ्यांना कोणी काहीच विचारले नव्हते. ते पूर्ण शुद्धीवर होते, अंगठा उठवायला त्यांचे हात धड होते. शाईचे पॅड माझ्याच ट्रॉलीवर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले. ते पांघरुणाखाली हाताने चाचपत होते. मांडी, गुडघा, मग बँडेज, मग गादी. पुन्हा मांडीपासून सुरुवात. तीन-चार वेळा असे केले आणि मला म्हणाले, "बाई, हितनं फुडं काय न्हाई व्हय?" मला उत्तर देता आले नाही. मी सलाईनचा वेग बघत उभी राहिले. घरी जाईपर्यंत ते आमच्यापैकी कोणाशी बोलले नाहीत. केस पेपरवर मात्र आम्ही लिहिले, प्रकृती समाधानकारक.

फ्रानची पुस्तके वाचताना मला तो हात दिसत होता. म्हणून मी म्हणते, या चित्रांना नुसते विकृत म्हणून बाजूला सारू नका.

आणि ही चित्रकथा जपानमध्ये जन्मली, यातही मला अर्थ दिसतो. 1804 साली हानाओका सेइशू या जपानी वैद्याने वनस्पतींचे औषध पाजून, रुग्णबाईला बेशुद्ध करून स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन केले. अमेरिकेत इथर या भुलीच्या औषधाचे जाहीर प्रात्यक्षिक झाले ते त्यानंतर 42 वर्षांनी. हानाओकाचे ते औषध तयार होताना त्याच्या बायकोने त्याचे प्रयोग स्वतःवर करून घेतले आणि तिची दृष्टी गेली. त्याच देशात 1945 साली क्युशू विद्यापीठात पकडलेल्या अमेरिकन वैमानिकांवर जिवंतपणी शस्त्रक्रिया झाल्या. एकही वाचला नाही. पुढे 1968 च्या ऑगस्टमध्ये साप्पोरोला डॉ. वादा यांनी जपानमधले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या मुंबईत केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनीही तसा प्रयत्न केला होता, त्यांचा रुग्ण काही तासांत गेला. वादांचा रुग्ण 83 दिवस जगला. पण बुडालेला तो दाता खरोखर मेला होता का, आणि रुग्णाला नव्या हृदयाची गरज तरी होती का, असे प्रश्न उठले. वादांवर खुनाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, पण लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. मेंदू मृत झालेल्या दात्याचे अवयव घेण्याचा कायदा जपानमध्ये 1997 साली झाला आणि तसे पहिले प्रत्यारोपण 1999 साली. इतकी वर्षे ज्या समाजाने 'हा माणूस मेला हे कोणी ठरवले, याला कोणी विचारले' यावर वाद घातला, तिथल्या चित्रकाराने फ्रान काढली. मला ती त्या वादातलीच एक आवाज उठवणारी पोर वाटते.

बघायला भयंकर असलेले सगळे वाईट नसते, हेही त्या पालकांना सांगावेसे वाटते. त्यासाठी पुण्याचेच उदाहरण आहे. 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये संपादकांना लिहिलेले एक पत्र चित्रासह छापून आले. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तसे काढल्यावर पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या कारागिराकडून त्याने नवे नाक बसवून घेतले. कारागिराने नाकाच्या जागी मेणाचा पातळ साचा बसवला, मग तो कपाळावर सपाट ठेवून त्याभोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली, रक्त चालू राहावे म्हणून दोन भुवयांमधली पट्टी जोडलेली ठेवली आणि कातडी वळवून खाली बसवली. हे कोणी पानभर चित्रात काढले तर आपण पुस्तक मिटून टाकू. पण त्या माणसाला नाक हवे होते. तो लोकांत नाक घेऊन परतला. मेंढपाळ बाबांचा पाय आणि कावसजीचे कपाळ यांत चाकूचा काही फरक नाही.

आपल्याकडेही 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईचे गर्भाशय डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन काढून टाकले. बाई सज्ञान होती, थोड्या वेळात शुद्धीवर येणार होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता. तेव्हा आईची संमती चालणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. मी तो निकाल वाचला तेव्हा नोकरीत होते. त्या दिवसापासून फॉर्म रुग्णाला मराठीत, नाहीतर कानडीत वाचून दाखवल्याशिवाय मी ट्रॉली आत घेऊ दिली नाही. यावरून माझी बोलणी खाऊन झाली आहेत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. दुकानदारांनी आणि वाचनालयांनी हे पुस्तक मुलांच्या कपाटात ठेवू नये. चित्रे आहेत म्हणजे बालवाङ्मय, हा गैरसमज आपल्याकडे फार आहे आणि त्या मुलाच्या दप्तरात ते पुस्तक बहुधा त्यामुळेच पोहोचले. अठराच्या पुढच्यांना मात्र ते मागितल्यावर मिळाले पाहिजे. आणि नर्सिंगच्या, मेडिकलच्या मुलामुलींच्या हाती असेल तर घरच्यांनी ओरडू नये. माझी भाची सुट्टी संपवून परत गेली. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. सर्जिकल वॉर्डात एका आजीबाईंचा फॉर्म भरून आला होता, सही जावयाची होती. आजीबाई शेजारी बसून चहा पीत होत्या. भाचीने त्यांना विचारले, "आजी, तुम्हाला माहीत आहे का काय काढणार आहेत?" आजी म्हणाल्या, "न्हाई बाई, कुणी सांगितलंच न्हाई." तिने जाऊन इन्चार्ज सिस्टरना सांगितले.

त्या पत्रलेखक पालकांना मी दोष देत नाही. मूल असले पुस्तक वाचते म्हटल्यावर धसका बसणारच. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे, तो त्यांना जरूर द्यावा. चारही पुस्तके भाचीने माझ्याकडेच ठेवली आहेत. ते आले तर मी त्यांच्यासोबत बसून वाचेन.

आपली नम्र,
एक निवृत्त ओटी सिस्टर, सांगली