म्हाताऱ्या माणसांचं बोलणं टेप करताना आवाजावर चालणारं बटण बंद ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, ओव्या, जुनी गाणी रेकॉर्ड करून ठेवा असं आवाहन आलंय, ते वाचून खरंच बरं वाटलं, कारण ही माणसं एकेक करून चाललीयेत आणि त्यांच्याबरोबर अख्खं जुनं नाशिक चाललंय. पण त्यात एक सल्ला दिलाय की घरात आवाजावर चालू होणारा जुना टेपरेकॉर्डर पडला असेल तर तोच आजी-आजोबांसमोर लावून ठेवा, ते बोलले की फिरतो, गप्प झाले की थांबतो, कॅसेट वाया जात नाही. एवढं मात्र करू नका हो. रविवार कारंज्याजवळ मी बरीच वर्षं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं काम केलंय, अशा मशिनवर भरलेल्या कॅसेटी लोक माझ्याकडे घेऊन यायचे आणि विचारायचे की आवाज असा तुटका का येतो, म्हणून हे पत्र.

त्या मशिनला डोकं नसतं, फक्त कान असतो. माईकमध्ये ठरावीक पातळीच्या वर आवाज आला की आतलं सर्किट मोटर चालू करतं आणि आवाज त्या पातळीखाली गेला की दोन-चार सेकंद वाट बघून मोटर बंद करतं, बस. आता मोटर चालू होऊन वेग पकडेपर्यंत थोडा वेळ जातोच आणि तेवढ्यात पहिला शब्द निसटतो. "पाणी चढत होतं" असं आजी म्हणाली असेल तर कॅसेटवर "णी चढत होतं" एवढंच येतं. शिवाय सुरुवातीला फीत हळू सरकत असते आणि ऐकताना तीच पूर्ण वेगाने फिरते, त्यामुळे दर वाक्याच्या तोंडाशी एक बारीक चिरका आवाज ऐकू येतो. ऐकणाऱ्याला वाटतं कॅसेट खराब आहे, पण ते भरतानाच तसं भरलं गेलेलं असतं आणि मग जगातला कुठलाही मेकॅनिक ते परत आणू शकत नाही.

आपल्या नाशकात तर हा प्रकार फारच त्रास देतो. जुन्या तांबट आळीतल्या घरातली एक कॅसेट माझ्याकडे आली होती, आजोबा १९६९ च्या पुराचं सांगत होते, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती कसा बुडत गेला, भांडी बाजारातली दुकानं कशी रिकामी करायला लागली वगैरे. आजोबांचा आवाज बारीक, वयामुळे वाक्याच्या शेवटी अगदी खाली जाणारा, आणि बाहेर तांब्याच्या भांड्यावर हातोडी चाललेली. मशीन हातोडीच्या ठोक्याला चालू व्हायचं आणि आजोबांच्या शब्दाला बंद. कॅसेटची एक पूर्ण बाजू ठण ठण ठण, आणि मधेमधे अर्धवट वाक्यं. सांगणारे आजोबा तोवर गेलेले होते. त्यांचा नातू काउंटरवर हात ठेवून ती बाजू शेवटपर्यंत ऐकत उभा होता.

ओव्यांचं तर विचारूच नका. बाई एक ओळ म्हणते, श्वास घेते, पुढची आठवते, कधी नुसतीच बांगड्या वाजवत बसते आणि मग दुसरी ओळ येते. ती मधली जागा म्हणजे ओवीचाच भाग असतो, जात्याचा फेरा त्यातच असतो. आवाजावर चालणारं मशीन ती जागा कापून टाकतं आणि चार ओळी एकमेकींना चिकटवून ठेवतं, चाल मरते. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यातल्या ध्वनिमुद्रित ओव्या कोणीही नीट कान देऊन ऐकाव्यात म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल, थांबणं सुद्धा रेकॉर्ड व्हायला लागतं.

आवाजावर चालू-बंद करणारं हे बटण वाईट आहे असं नाही, ऑफिसात पत्र सांगून टाईप करून घ्यायचं असेल किंवा स्वतःलाच काही टिपणं बोलून ठेवायची असतील तर फार उपयोगाचं, फीत वाचते. पण ज्याचं बोलणं एकदाच मिळणार आहे त्याच्यासमोर ते बंद ठेवा आणि सरळ रेकॉर्ड दाबा. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला अर्धा तास मिळतो, तेवढा पुरतो, म्हातारं माणूस त्याच्या आत चहा मागतंच. एकशेवीसची कॅसेट घेऊ नका, तिची फीत फार पातळ असते, जुन्या मशिनमध्ये ती गुंतते. कॅसेटच्या सुरुवातीला पारदर्शक किंवा रंगीत पट्टी असते तिच्यावर काहीच भरलं जात नाही, ती पुढे सरकवून मगच सुरू करा. सेल नवे घाला, हे फार महत्त्वाचं, कारण उतरलेल्या सेलवर मोटर हळू फिरते आणि पुढे चांगल्या मशिनवर लावलं की आजोबा लहान पोरासारखे चिरक्या आवाजात बोलताना ऐकू येतात. मशीन टेबलावर नुसतं ठेवू नका, खाली घडी केलेला टॉवेल घाला नाहीतर मोटरची घरघर माईकमध्ये जाते, आणि जमलं तर बाहेरचा माईक लावून तो बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा. पंखा बंद. भरून झाल्यावर कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडून टाका म्हणजे घरातलं कोणी त्यावर चुकून गाणी भरणार नाही.

आणि कोणाला आवाजावरचं बटण वापरायचंच असेल तर निदान रात्रभर तसंच चालू ठेवून झोपू नका. बहुतेक मॉडेलमध्ये मोटर थांबली तरी रबराचा रोलर फितीवर दाबलेलाच राहतो, त्याला खळगा पडतो आणि मग आवाज डोलायला लागतो.

आता ज्यांच्या घरात अशा कॅसेटी आधीच भरून पडल्यात त्यांच्यासाठी. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते, ती दिसली तर कॅसेट मशिनमध्ये घालू नका, आधी जाणकाराला दाखवा. बाकीच्या कॅसेटी लवकरात लवकर कॉम्प्युटरवर घ्या. साध्या कॅसेटचा वेग फिलिप्सने १९६३ साली ती आणली तेव्हापासून सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर हाच आहे, पण काडेपेटीएवढ्या छोट्या मायक्रो कॅसेटचा वेग निराळा, तिला तिचंच मशीन लागतं, ते घरात असेल तर भंगारात देऊ नका. आणि दुकानात कॅसेट देताना एक गोष्ट बजावून सांगा की शांत जागा कापू नका. हल्लीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर सगळ्या रिकाम्या जागा काढायची सोय असते आणि पोरं फाईल छोटी व्हावी म्हणून ती वापरतात. जे मशिनने शिल्लक ठेवलं होतं तेही मग तिथे जातं.

माझी आपल्यामार्फत एक विनंती आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, शहरात आणखीही चांगली वाचनालयं आहेत, यातल्या एखाद्याने एक चांगला कॅसेट डेक आणि एक मायक्रो कॅसेटचं मशीन ठेवून लोकांना आपल्या कॅसेटी तिथे बसून कॉम्प्युटरवर उतरवून घेता येतील अशी सोय केली तर फार मोठं काम होईल. पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये माळ्यावर किती आवाज पडून आहेत याची कल्पना मला दुकानातून आलेली आहे. कोणाकडे जुना डेक असेल आणि तो द्यायची तयारी असेल तर बेल्ट आणि रोलर बदलून, हेड साफ करून तो चालू करून द्यायचं काम मी करीन, मजुरी नको, सुटे भाग मिळवायचं पण मी बघतो.

आपला,
एक जुना वाचक
पंचवटी, नाशिक