सतर्क राहून करायचं काय?

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

सांगलीच्या गावभागात माझं किराणा दुकान आहे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हा दुकानातले गुळाचे रवे विरघळून फरशीला बसले. तो चिकटा निघेपर्यंत दिवाळी आली. माल वर चढवायचा की नाही, हे त्या आठवड्यात मी तीनदा ठरवलं, तीनदा फिरवलं. मोबाईलवर येत होतं ते एकच : ‘विसर्ग वाढवला, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’

आमच्या कृष्णेत वरून पाणी सोडणाऱ्या कोयना धरणावरच्या अधिकाऱ्यांचीही हीच तऱ्हा होत असणार. १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरण लवकर भरावं तर ऑगस्टच्या पावसाला जागा उरत नाही. मोकळं ठेवावं आणि पावसाने दडी मारली, तर वीज गेली आणि आमच्याच जिल्ह्यातली आटपाडी कोरडी. शिव्या दोन्हीकडून त्यांनाच.

पण हिशेब मांडता येतो, साहेब. दहा हजार क्युसेकने (म्हणजे सेकंदाला दहा हजार घनफूट) दिवसभर पाणी सोडलं, तर जेमतेम ०.८६ टीएमसी जागा होते. दहा टीएमसी हवी असेल तर साडेअकरा दिवस लागतात, तेही वरून थेंबभर आवक नसेल तर! ढग डोक्यावर आल्यावर दारं उचलून भागत नाही.

धरणाकडे कित्येक दशकांच्या आवकेच्या नोंदी आहेत. एकेक पावसाळा संगणकावर पुन्हा चालवून बघा. १ ऑगस्टला दहा टीएमसी जास्त मोकळे ठेवले असते तर किती वर्षं धरण भरायचं राहिलं असतं, किती वर्षं सांगली वाचली असती? नोंदींत नसलेला दांडगा पाऊसही मुद्दाम घाला. कुठल्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचं हे ठरवणारी परिचालन सूची रोजच्या अंदाजाप्रमाणे हलू द्या.

आणि पुराची शक्यता आम्हालाही आकड्यात सांगा. ‘उद्या संध्याकाळपर्यंत ४५ फूट ओलांडण्याची शक्यता शंभरात वीस’ एवढंच. माझी हमाली आणि टेम्पो पाच हजारांचा, माल चार लाखांचा. वीस काय, पाच असली तरी मी हलवीन. शेजारचा सलूनवाला दोन खुर्च्यांसाठी थांबेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पावसाळा सरला की सांगितलेलं आणि घडलेलं शेजारी-शेजारी छापा, चुकलं तरी.

तोवर गूळ मी जूनपासूनच माळ्यावर ठेवतो. तिथे मुंग्या लागतात.

आपला,
गावभागातला एक दुकानदार