नेमणूक घेतली आहे

ति. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मी पाघळले असते, म्हणून पत्र. ज्वालामुखीच्या वेधशाळेतली दोन वर्षांची नेमणूक मी घेतली आहे. सहीही झाली. दादासारखं जाऊन पोचल्यावर कळवत नाहीये, एवढं तरी धरा.

मला विवरात उतरायचं नाही. डोंगरातून निघणारा सल्फर डायऑक्साइड लांबून, गाडीत बसून मोजता येतो. हा वायू उन्हातले अतिनील किरण शोषतो. ते किती घटले हे यंत्र बघतं. फिलिपिन्समधल्या पिनाटुबोवर 1991च्या मेमध्ये हा आकडा दिवसाला 500 टनांवरून पंधरवड्यात 5,000 टनांवर गेला. त्यावरून आणि भूकंपांवरून अंदाज बांधून हजारो लोकांना हलवलं, मग जूनमध्ये डोंगर फुटला. आई, धोका आधी कळतो तो मोजणाऱ्यांनाच.

बाबा, त्या वर्षअखेरीच्या लालभडक संध्याकाळी आठवतात? तुम्ही मला गच्चीवर खांद्यावर बसवायचात आणि मी ‘आग, आग’ करत तुमचे केस ओढायचे. ती बहुधा पिनाटुबोचीच करणी. राख लवकर खाली बसते, पण दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात गेला आणि त्याचे गंधकाम्लाचे बारीक थेंब झाले. तिथे पाऊसच नाही, धुऊन काढणार कोण? ते ऊन परतवत राहिले आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं. 1815 मध्ये इंडोनेशियातला तांबोरा फुटला, तर 1816 साली युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली.

‘मग फुटू देत की चार डोंगर, उकाडा तरी कमी होईल,’ असं बाबा म्हणणार. नाही हो. थेंब खाली आले की थंडावा संपतो, आणि तोवर ओझोन विरळ होतो, पाऊस घटतो. आणि ‘माणसांपेक्षा ज्वालामुखीच जास्त कार्बन सोडतात’ म्हणणाऱ्या काकांना सांगा, ज्वालामुखींचा कार्बन डायऑक्साइड माणसांच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

खोली डोंगरापासून लांब आहे, गरम पाणी चोवीस तास, मास्क वेधशाळेचा. बाबा, पंप खिशात ठेवायचा, कपाटात नाही. आई, गुडघ्याची तारीख माझ्यासाठी पुढे ढकलायची नाही. मी त्या वेळी येणार आहे, रजेचं बोलून ठेवलंय. आणि बातम्यांत धूर दिसला की लगेच फोन करायचा नाही, आधी माझा मेसेज बघायचा.

बरं, करा. उचलेन मी.

तुमची,
चिमी