चवथीच्या रात्री तू गेलीस त्याबद्दल

बाय,

फोनच केला असता पण तुझा सतत एंगेज, आणि समोर आलीस की माझ्या तोंडातून भलतंच निघतं, म्हणून एका बोटाने टाईप करतोय, चुका असतील. परवा चवथीला सगळ्यांसमोर, आजारी म्हाताऱ्यांना सांभाळायला घरोघरी मुली लावायच्या तुझ्या कामाला मी "हे काय काम, लोकांचे फोन उचलायचं" म्हणालो ते म्हणायला नको होतं. आरती चालू, काका घुमट वाजवतोय, तुझा फोन तीनदा वाजला, तू गणपतीवर फळं टांगलेल्या माटोळीखालून वाकून बाहेर गेलीस ती परत आलीस रेनकोट घालूनच. हळदोण्याच्या म्हातारीकडे रात्री बसणारी मुलगी बेळगावला गावी गेली ती तिकडेच राहिली, म्हणून तिच्या जागी तू. मला राग तिचा नव्हता गो, तुझाही नव्हता. रात्री दहाला, धो धो पावसात, अस्नोड्याच्या बाजूने स्कूटरवर. तुझी आई दोनपर्यंत सोप्यावर बसून होती. मी झोपलो होतो असं ती सांगेल, झोपलो नव्हतो.

आता स्कूटरचं परत काढणार नाही.

तुझं काम मला कळत नाही असं तुला वाटतं. पण २०१२ ला खाणी बंद पडल्या तोवर २६ वर्षं मी खाणीच्या टाईम ऑफिसात हजेरीचं मस्टरच लिहिलं, हे विसरू नकोस. तू म्हणालीस चोवीस तास मुलगी लागते अशी ९ घरं आहेत. १२ तासांची पाळी धरली तर एका घरात आठवड्याला १४ ड्युट्या. दोन मुली, प्रत्येकीला एक सुट्टी, म्हणजे १२ भरल्या, दोन भोकं राहिली. ९ घरांची १८ भोकं. एक मुलगी सहा बुजवते, म्हणजे ३ मुली नुसत्या रिलीव्हर, म्हणजे बदली म्हणून पाहिजेत, आणि यात कुणी आजारी नाही, कुणाच्या पोराला ताप नाही, कुणाची चवथ नाही. तुझ्याकडे रिलीव्हर एक. मग बाकीच्या दोघी कोण, तर तूच! हा हिशेब मालकाला कागदावर दाखव, तोंडी सांगू नकोस, तोंडी सांगितलेलं मालकांना ऐकू येत नाही.

आणि रात्र करून आलेल्या मुलीला सकाळी दुसऱ्या घरी पाठवू नकोस, ती "करते मॅडम" म्हणणारच, तिला पैसे पाहिजेत. पण पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, पेंगत पेंगत कोण वळवणार. नवीन मुलगी जुनीबरोबर एक पाळी बसल्याशिवाय एकटी सोडू नकोस, आणि शेवटची बस किती वाजता ते बघून ड्युटी सुटायची वेळ... हे बघ, लेक्चर चालू झालं. सॉरी. हे सगळं तुला येतं, आजीच्या वेळी वळवण्याचा तक्ता तूच करून फ्रिजला लावला होतास, बारावीचा अभ्यास सोडून. तेव्हाही मी ओरडलो होतो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, आईलाही नाही. एका पावसाळ्यात सेकंड शिफ्टच्या टिपरवाल्याचा रिलीव्हर आला नाही. मी विचारलं, नाईट करतोस? पोरीचं लग्न होतं, तो लगेच हो म्हणाला. पहाटे साडेचारला टिपर कडेवरून खाली, पाय गेला त्याचा. रिपोर्टात चूक त्याची लिहिली. मस्टरवर त्याच्या नावापुढे डबल ड्युटीचा "डी" मात्र माझ्या हातचा होता, लाल पेनने. चवथीच्या रात्री तू स्कूटरचा सेल्फ मारलास ना, मला तो डी दिसला. दिवसभर फोन, रात्री स्वतः ड्युटी, मग पहाटे स्कूटर. झालं, परत स्कूटरवरच आलो.

काल तिंठ्यावरच्या सलोनवाल्याने विचारलं, मुलगी काय करते. मी म्हटलं, ३० बायकांच्या ड्युट्या लावते. पोरं पोर्तुगालचा पासपोर्ट करून लंडनला गेली, मागे एवढं मोठं घर, परसू, आणि आत एकटी म्हातारी, तिच्याकडे रात्री कोण बसणार ते माझी मुलगी ठरवते. २०११ च्या जनगणनेत गोव्यात शंभरातले ११ साठीच्या वरचे होते, हेही ऐकवलं त्याला, पेपरात वाचलेलं. आता मीही त्यातलाच. त्याने काही न बोलता माझी मान खाली दाबली आणि वस्तरा चालवला, पण मला बरं वाटलं.

नेवऱ्यांचा डबा शेजारच्या मुलाबरोबर पाठवलाय, तो तुला पर्वरीला देईल. त्यात वेगळी पिशवी आहे ती तुझ्या ड्युटीवरच्या मुलींची, आईने बांधली, मी नाही. इथे परत पाऊस लागलाय.

आज रात्री हळदोण्याला कोण आहे? नाव नको, तू नाहीस एवढंच लिही.

बाबा